होईल सवय!

खवणी.

एवढा एक शब्द मला आठवेना. नारळ फोडून ठेवलेला, ओट्याशी मी, फडताळाशी मुलगी, आणि मी हवेत हात फिरवत म्हणतेय, "अगं ते दे ना... ते दातांचं, नारळाचं, बसून करतात ते." ती हसली. मीही हसले. मग तिने वस्तू हातात ठेवून नाव सांगितलं, तेव्हा तो शब्द मला शेजारणीच्या घरून आलेल्या भांड्यासारखा वाटला. हसू तिथेच आटलं. कारण मी मुद्रितशोधक आहे. नारायण पेठेतल्या छापखान्यांची आणि प्रकाशकांची प्रुफं वाचून गेली २३ वर्षं माझ्या घरात किराणा येतो.

त्याच पंधरवड्यात एका संस्थेची स्मरणिका माझ्या हाताखालून गेली. अध्यक्षांची पंचाहत्तरी होती. तिसऱ्या पानावर 'श्रद्धेय'च्या जागी 'श्राद्धेय' छापून आलं. फक्त एक काना जास्त. सत्कारमूर्ती गळ्यात हार घालून पहिल्या रांगेत बसलेले आणि मांडीवर ती स्मरणिका. चिटणीस फोनवर जे बोलले त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, एवढंच सांगते.

तेव्हा मी सात आठवडे टोपिरामेट घेत होते. अर्धशिशी उठूच नये म्हणून रोज घ्यायची गोळी. पाऊण तास बाकावर बसून मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले, खवणी सांगितली, श्राद्ध सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. लिहिता लिहिताच म्हणाले, "हं. या गोळीने होतं तसं. होईल सवय."

घरी येईपर्यंत 'होईल सवय' हेच डोक्यात घोळत होतं. रात्री कधीतरी लक्षात आलं की चीड आणणारं वाक्य ते नव्हतंच, त्याच्या आधीचं होतं. 'होतं तसं.' म्हणजे यांना माहीत होतं! सात आठवड्यांपूर्वी चिठ्ठी फाडून माझ्या हातात देताना माहीत होतं की या बाईचे शब्द जाऊ शकतात. मी काय काम करते हे पहिल्याच भेटीत विचारून त्यांनी कागदावर लिहिलंही होतं. त्या दोन माहित्यांची आपसात गाठ घालून द्यायला जे एक वाक्य लागलं असतं, ते वाक्य खर्च करायला ते तयार नव्हते. फी १२०० रुपये. काळ चार मिनिटं.

अमेरिकेत या औषधाचं मूळ ब्रँडनाव टोपामॅक्स. तिथल्या रुग्णांनी त्याचं केव्हाच बारसं करून टाकलंय, डोपामॅक्स. मठ्ठ करणारी. म्हणजे शब्द हरवणं ही काही माझ्या एकटीच्या नशिबाची खोड नव्हती. जगभर लोक त्यावर विनोद करत होते. विनोद पुण्यापर्यंत पोचला नव्हता, गोळी पोचली होती.

आता हा 'साइड इफेक्ट' शब्द बघा. मराठीत आपल्याकडे 'दुष्परिणाम' असा सरळ, तोंडावर बोलणारा शब्द आहे. पण दवाखान्यात तो कुणी वापरत नाही. साइड इफेक्ट म्हटलं की कसं, मिरवणूक मधून चाललीय आणि कडेला कुणीतरी फुगे विकतंय, असं वाटतं. कडेला म्हणजे कुणाच्या कडेला? गोळी पोटात गेल्यावर ती रक्तात सगळीकडे जाते. आपण डोक्यासाठी आलोय आणि हाताच्या बोटांना मुंग्या आणणं हे आपलं मुख्य काम नव्हे, असं तिला कुणी सांगितलेलं नसतं.

गंमत अशी की अर्धशिशी रोखणारी बहुतेक औषधं ही मुळात दुसऱ्याच्या घरची. प्रोप्रानोलॉल हृदयासाठी शोधलं गेलं. जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली जे नोबेल मिळालं त्यात या संशोधनाचा वाटा होता. १९६६ च्या सुमाराला हृदयशूळाच्या रुग्णांवर ते वापरताना एका रुग्णाची अर्धशिशीही थांबली, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. अमिट्रिप्टिलिन नैराश्याचं. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट फेफऱ्याची. कॅन्डेसार्टन रक्तदाबाचं. म्हणजे मायग्रेन थांबणं हाच या सगळ्यांचा साइड इफेक्ट! तो आवडला म्हणून त्याला मध्ये पाटावर बसवलं, आणि बाकीचे पंक्तीबाहेर. वजन वाढणं, तोंड कोरडं पडणं, सकाळी अकरापर्यंत डोळे न उघडणं, हे सगळे त्याच गोळीचे सख्खे परिणाम आहेत. सावत्र आपण ठरवले. डॉक्टरांनी आणि कंपनीने ठरवले म्हणते मी, कारण ठरवताना रुग्णाला कुणी विचारलं नव्हतं.

माझी अर्धशिशी सतराव्या वर्षापासूनची. आमच्या घरात तिचं नाव 'पित्त' होतं. मराठी घरात डोकं हा अवयवच नाही. जे काही होतं ते पित्ताने होतं, आणि उलटी झाली की सुटतं. आजीने सुंठ उगाळून कपाळाला लावली, आत्याने सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घातली. जिलेबीचा अनुभव वाईट नव्हता. डोकं मात्र दुपारी नेमाने उठत राहिलं. मग कॉलेजात एका मैत्रिणीने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक गोळी आणून दिली, आणि दोन तासांत मी उठून बसले. तो दिवस मला अजून आठवतो. स्वर्ग दोन बोटं उरला होता.

त्या एका गोळीत चार औषधं होती. एर्गोटामाइन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटी थांबवणारं प्रोक्लोरपेराझिन. चिठ्ठीवाचून विकायची परवानगी नसलेली ही गोळी मला दुकानदाराने अकरा वर्षं दिली. कात्रीने पाकीट कापून, चार-चार, सहा-सहा. मी महिन्याला आठवरून बारावर, बारावरून अठरावर गेले. डोकं आता जवळजवळ रोजच दुखू लागलं होतं, आणि मला वाटत होतं की दुखणं वाढलंय म्हणून मी गोळ्या वाढवतेय. खरी गोष्ट उलटी होती. अशा मिश्रगोळ्या, एर्गोटामाइन किंवा ट्रिप्टान महिन्यातून दहा किंवा त्याहून जास्त दिवस, आणि साधं पॅरासिटामॉल वगैरे पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, की गोळीच डोकेदुखी निर्माण करायला लागते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे. हा आकडा पाकिटावर नाही, दुकानाच्या काउंटरवर नाही, माझ्या पहिल्या दोन डॉक्टरांच्या तोंडी नाही. आणि माझा दोष लपवत नाही: तिसऱ्याने विचारलं, "महिन्याला किती घेता?" तेव्हा मी "पाच-सहा" असं धडधडीत खोटं बोलले. घरात गोळ्या लपवून ठेवणारी बाई दवाखान्यात खरं कशाला बोलेल?

इथे आमचे नैसर्गिकवाले काका खुर्ची पुढे ओढतात. प्रत्येक घरात एक असतात. "ही इंग्रजी औषधं गरमच पडायची. निसर्गातलं घे काही, त्याला साइड इफेक्ट नसतात." काका, एर्गोटामाइन निसर्गातलंच आहे. राय नावाच्या धान्याच्या कणसावर एक काळी बुरशी वाढते, तिच्यातून ते निघतं. मध्ययुगात युरोपात त्या बुरशीचं पीठ पोटात गेलं की माणसांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळत, बोटं काळी पडून गळत. सेंट अँथनीची आग म्हणत त्याला. १९१८ साली बाझेलमध्ये आर्थर स्टोल यांनी त्या बुरशीतून एर्गोटामाइन वेगळं काढलं, म्हणून तर ते मोजून देता यायला लागलं. आजही ही गोळी घेणाऱ्याने घशाच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक घेतलं, तर एर्गोटामाइन शरीरातून बाहेर पडेनासं होतं आणि तेच आवळणं पुन्हा सुरू होऊ शकतं, बोटं गमावण्यापर्यंत. आमच्या कोपऱ्यावर दोन्ही एकाच फळीवर होती, आणि दोन्ही चिठ्ठीवाचून मिळत. ज्या औषधाला वाईट परिणाम मुळीच नाही, त्याला चांगला तरी कुठून असणार? दूध-जिलेबीलाही आहे, साखर तपासून बघा.

तिसऱ्या डॉक्टरांनी मला फ्लुनारिझिन आणि प्रोप्रानोलॉल एकत्र असलेली कॅप्सूल दिली. रोज रात्री एक. दमा आहे का, हे विचारलं नाही. मला नाही, हे माझं नशीब. माझ्या सख्ख्या भावाला आहे, आणि प्रोप्रानोलॉल दम्याच्या माणसाचा श्वास कोंडू शकतं. पूर्वी कधी मन खचलं होतं का, हेही विचारलं नाही. ते मात्र खचलं होतं, मुलगी झाल्यानंतर, चांगलं वर्षभर. फ्लुनारिझिनच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की नैराश्याचा इतिहास असलेल्याला हे देऊ नये. म्हाताऱ्या माणसांत कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात, म्हणून तिथेही सांभाळून. दोन महिन्यांत गुण आला नाही तर बंद करावं, आणि गुण आला तरी सहा महिन्यांनी थांबवून बघावं, असंही असतं.

मी ती कॅप्सूल दोन वर्षं घेतली.

वजन नऊ किलो वाढलं. नात्यातल्या बायका म्हणाल्या, "सुख मानवलंय हो." रविवारी दुपारी जेवून झोपले की सोमवारी उठावंसं वाटेना. स्वयंपाक करता करता उगाच रडू यायचं, आणि नवरा विचारायचा, "आता काय झालं?" काहीच झालेलं नसायचं. मी स्वतःला आळशी समजले, कृतघ्न समजले. चाळिशी लागली, असं समजले. एका कॅप्सूलवर संशय घ्यावा हे सुचलं नाही, कारण ती तर डोक्याची होती! सगळ्यात वाईट भाग हाच वाटतो मला. औषधाने जे केलं ते मी माझा स्वभाव म्हणून स्वीकारलं होतं. पंचवीस महिन्यांनी गोळी बंद झाली, आणि सहा-सात आठवड्यांनी एका सकाळी मी चक्क गुणगुणत होते. मुलीने बाहेर येऊन बघितलं.

आणि ही दोन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये कोंबण्याची कल्पना ज्याची, त्याला एकदा भेटायचंय. समजा, झोप फार येते म्हणून फ्लुनारिझिन कमी करायचंय, पण प्रोप्रानोलॉल मानवतंय, ते ठेवायचंय. कसं करणार? कॅप्सूल उघडून पूड वेगळी करायची? शिवाय प्रोप्रानोलॉल एकदम तोडायचं नसतं, हळूहळू उतरवायचं असतं. जोडगोळीत ते उतरवणार कुठल्या पायरीने? रुग्णाची सोय म्हणून सांगतात. सोय विकणाऱ्याची असते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा ३२८ मिश्रणांवर बंदी घातली तेव्हा लोकांना धक्का बसला की आपण एवढी खिचडी गिळत होतो. ताटात किती उरलीय ते कुणी मोजलं नाही.

आता माहितीपत्रक. याबाबतीत मला अधिकाराने बोलता येतं, कारण बारीक टाइप वाचणं हाच माझा धंदा. खोक्यात घडी करून ठेवलेला तो कागद हातात आला तर बघा. साडेचार-पाच पॉइंटांचा टाइप, पारदर्शक म्हणावा असा कागद, मागची अक्षरं पुढे दिसतात. भाषा इंग्रजी. आणि डोक्यावर एक ओळ, तिचा मराठी अर्थ असा: फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी. वाचलंत? गोळी मी गिळायची, आणि कागद प्रयोगशाळेने वाचायचा! शिवाय कापलेल्या चार गोळ्यांबरोबर तो कागदही मिळत नाही. कधी कधी कात्री अशी चालते की मुदतीची तारीखही दुसऱ्याच्या तुकड्यावर जाते.

युरोपीय संघात प्रत्येक खोक्यात रुग्णासाठी, त्या देशाच्या भाषेत लिहिलेलं पत्रक असणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि ते छापण्याआधी सामान्य माणसांना वाचायला देऊन त्यांना कळतं का हे तपासावं लागतं. सामान्य वाचकाकडून प्रूफ तपासून घेतात म्हणा ना. आपल्याकडे लग्नपत्रिकेचं प्रूफ चार जण वाचतात.

टोपिरामेटकडे परत येते, कारण त्यात जिवाशी, निदान डोळ्याशी खेळ होता. त्या गोळीने बोटांना, ओठांना मुंग्या येतात. सोडा आणि शीतपेय बेचव लागतं, नुसतं गोड पाणी. याचं कारण मजेशीर आहे. कार्बनिक अनहायड्रेझ नावाचं एक द्रव्य शरीरात असतं, त्याला ही गोळी आवरते. सोड्याची चुरचुर जिभेला कळते ती त्याच द्रव्यामुळे. मुंग्यांचं मूळही तिथेच शोधतात. आणि मूतखडा होण्याची शक्यता वाढते तीही त्यामुळेच, म्हणून भरपूर पाणी प्यायचं. एवढं मला आधी सांगितलं असतं तर मुंग्या आल्यावर मी मधुमेहाच्या तीन तपासण्या केल्या नसत्या. घाम कमी येतो, लहान मुलांत जास्त करून. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात एखाद्या पोराला ही गोळी देताना हे सांगायला नको?

पण डोळा. क्वचित, आणि बहुधा पहिल्या महिन्याभरात, या गोळीने डोळ्यातला दाब एकाएकी वाढू शकतो. डोळा दुखतो, लाल होतो, अंधुक दिसतं. तेव्हा तातडीने डॉक्टर गाठायचे, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. आता सांगा, अर्धशिशीच्या माणसाचा एक डोळा दुखायला लागला आणि धूसर दिसायला लागलं, तर तो काय समजेल? तीस वर्षांची ओळख आहे आमची! तो खोलीत अंधार करेल, डोक्याला फडकं बांधेल, वेदनाशामक घेऊन पडून राहील. ज्या एका आजारात हा इशारा हमखास चुकीचा वाचला जाणार, नेमक्या त्याच आजारात तो सांगितला जात नाही. हे मी वर्षभराने वाचलं. वाचून झाल्यावर बराच वेळ डोळे मिटून बसले होते.

ट्रिप्टानची गोष्ट थोडक्यात. अर्धशिशी सुरू होताच घ्यायची ती गोळी. १९९१ पासून बाजारात आलेलं सुमाट्रिप्टान हे तिच्यातलं थोरलं. पहिल्यांदा घेतली आणि अर्ध्या तासात छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं, गळा आवळला. रात्री अडीचला नवऱ्याने गाडी काढली. ईसीजी नॉर्मल. तिथला तरुण डॉक्टर प्रेमाने म्हणाला, "काकू, पित्त असेल." फिरून आजीच्या सुंठीवर! छातीत असं दाटणं या गोळ्यांनी होतं, बहुतेकदा ते हृदयाचं नसतं आणि आपोआप ओसरतं. मात्र ज्याला खरोखर हृदयविकार आहे त्याने ही गोळी घ्यायचीच नसते, आणि छातीचं दुखणं नवं असेल तर तपासून घ्यावंच. ही तीन वाक्यं संध्याकाळी सहाला मिळाली असती तर रात्रीची वरात टळली असती.

डॉक्टरांची बाजू मला माहीत आहे, तीन जणांकडून ऐकलीय. "सगळं सांगितलं ना, की लोकांना नेमकं तेच व्हायला लागतं. गोळी सुरूच करत नाहीत." हे खोटं नाही. औषधचाचण्यांमध्ये नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांनाही गुंगी येते, मळमळ होते, काही जण चाचणी सोडूनही जातात. मनाचा खेळ आहेच. पण या युक्तिवादातली चतुराई बघा. न सांगितल्यामुळेही लोक गोळी सोडतातच, फक्त डॉक्टरांना न सांगता सोडतात. परत येत नाहीत, आणि फाइलीत लिहिलं जातं की रुग्ण नियमित नव्हता. भीती घालणं आणि माहिती देणं यांत फरक करण्याचं शिक्षण ज्यांना साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसमध्ये मिळालं नाही, त्यांनी आमच्या मनावर का म्हणून बोट ठेवावं? "गर्दी बघताय ना बाहेर?" हा दुसरा युक्तिवाद. बघतेय. भारतात अर्धशिशीचे रुग्ण २०१९ च्या अंदाजात २१ कोटींच्या घरात होते, आणि या दुखण्यात बायकांची संख्या पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. गर्दी खरी आहे. म्हणूनच एक पानभर मराठी कागद छापून ठेवायला काय हरकत आहे? शंभर प्रती अडीचशे रुपयांत होतात. प्रूफ मी फुकट वाचून देते.

बायकांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट बोलून टाकते. ओळखीतल्या एका घरी २४ वर्षांच्या मुलीला अर्धशिशीसाठी व्हॅल्प्रोएट चालू होतं. केस गळत होते, वजन वाढलं होतं, पाळी चुकत होती, आणि घरच्यांना चिंता स्थळांची. डॉक्टरांनी विचारलं होतं, "लग्न झालंय?" ती नाही म्हणाली. प्रश्न संपला! व्हॅल्प्रोएट घेत असताना गर्भ राहिला तर दर दहातल्या साधारण एका बाळाला जन्मजात व्यंग असतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. २०१८ पासून युरोपात मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे औषध द्यायचं तर गर्भप्रतिबंधाचा लेखी कार्यक्रम लागतो, आणि मायग्रेनसाठी गरोदरपणात ते मुळीच देत नाहीत. टोपिरामेटसाठीही ब्रिटनने २०२४ मध्ये तसेच नियम केले. शिवाय ते जास्त मात्रेत गर्भनिरोधक गोळीचा जोर कमी करतं. आपल्याकडे हा सगळा शास्त्रार्थ 'लग्न झालंय?' या दोन शब्दांत आटोपतो. त्या मुलीला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. स्थळाच्या चिंतेने का होईना, आई निघाली तरी.

सध्या मी ज्यांच्याकडे जाते त्या बाई तरुण आहेत, कमी बोलतात, पण आधी बोलतात. टोपिरामेट त्यांनी तोडलं नाही. मात्रा निम्म्यावर आणली, म्हणाल्या, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून भराभर चढवलंय. २५ मिलिग्रॅमपासून आठवड्या-आठवड्याला चढायचं असतं. शब्द अडकणं मात्रेवर असतं." खरंच, महिन्याभरात खवणी परत आली. पूर्वी एकांनी दिलेलं अमिट्रिप्टिलिन मी सकाळी गुंगी येते म्हणून फेकून दिलं होतं. (औषधवाल्याने भर दुकानात "डिप्रेशनचं आहे हे, माहितीये ना?" असं विचारलं होतं, तेही एक कारण.) बाई म्हणाल्या, "झोपताना घेत होतात ना, अकराला? ते संध्याकाळी साडेआठला, दहा मिलिग्रॅम, असं घ्यायचं होतं." वेदनाशामक आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. वही ठेवायची, दुखण्याच्या दिवसांची आणि गोळ्यांची वेगळी. प्रोप्रानोलॉल चालू असताना रिझाट्रिप्टान घ्यायची वेळ आली तर पाच मिलिग्रॅमचीच, कारण एकामुळे दुसऱ्याचं प्रमाण रक्तात वाढतं. यात काय हिमालय चढायचा होता? हे सगळं सांगायला त्यांना सहा मिनिटं लागली. माझ्या मोबाइलवर बघितली मी.

त्यांनीच मला फॉर्म दाखवला. औषधाने काही विपरीत झालं तर तुम्ही-आम्हीही कळवू शकतो, हे मला ४६ व्या वर्षी कळलं. २०१० पासून देशात त्यासाठी कार्यक्रम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला, भारतीय औषधकोश आयोगात. फुकट फोन आहे, १८००-१८०-३०२४. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. मी आमच्या भागातल्या तीन दवाखान्यांत विचारलं. एकाने 'कशाला त्या भानगडीत' म्हटलं, दुसऱ्याने ऐकलंच नव्हतं, तिसऱ्याच्या स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, "तक्रारपेटी तिकडे आहे मॅडम."

गेल्या महिन्यात औषधवाल्याकडे गेले. तोच कोपरा, पण अकरा वर्षं गोळ्या देणाऱ्याचा आता मुलगा बसतो गल्ल्यावर. म्हटलं, कापून नको, अख्खं खोकं दे आणि आतला कागदही दे. त्याने खाली वाकून रबर लावलेली एक गड्डीच काढली. दीड-दोनशे माहितीपत्रकं, घडी न मोडलेली. "पाकिटं सुटी केली की हे उरतात. रद्दीवाला पण घेत नाही, कागद फार पातळ. सगळीच घेऊन जा ताई, तुम्हाला वाचायला आवडतं ना."

मी गड्डी पिशवीत घातली. पैसे देत होते तेवढ्यात तो काउंटरवरून पुढे झुकला आणि दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "ताई, त्यात फ्लुनारिझिनचा असेल तर जरा बघून सांगाल का? आमची बायको वर्षभर घेतेय. हल्ली बसल्या बसल्या रडते."